अकरा एकांची फोड

“काहून बा वडनेरे, जांभळं खाऊन आले काय?”

चित्रकलेचे इंगोले सर हे भर शिक्षकखोलीत म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. मी कॉपिंग पेन्सिलीनं लिहीत असे आणि लिहिण्याआधी ती जिभेला लावायची खोड मला शाळेपासून होती. ओली झाली की ती जांभळी उमटते; ओठही जांभळे व्हायचे. माझ्या लक्षात यायचं नाही, इतरांच्या यायचं.

“मार्चमध्ये जांभळं कुठली,” हेडमास्तर खानझोडे म्हणाले. “यांना बारमाही बहर आहे.” पुन्हा हशा झाला. तो ओसरायची वाट पाहून त्यांनी कापडी बांधणीची एक जाड वही माझ्यासमोर टाकली. “बुधवारी नागपूरहून प्रोफेसर येतील. त्याआधी पानांचे आकडे तपासा, कुठं सुटलेत का ते. पानांचेच फक्त. आतलं गणित तपासायची तुमची पायरी नाही.”

“आणि पेन्सिल लांब ठेवा,” खिडकीपाशी बसलेल्या मोहरीलबाई मान वर न करता म्हणाल्या. “ती वही मी शाईनं लिहिली आहे.”

एकसष्ट सालची ही गोष्ट. गाव वऱ्हाडातलं, तालुक्याचं. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मी सव्वीस वर्षांचा होतो, गणित शिकवायला लागून दुसरं वर्ष चाललं होतं, आणि मला कायम करायचं की नाही याचा शेरा जूनच्या आत खानझोडे सर लिहिणार होते. मी त्यांना घाबरत होतो. ते मला तुच्छ मानत होते. आणि मोहरीलबाई आम्हा दोघांनाही. निदान मला तसं वाटायचं. माणसांबद्दलचे माझे अंदाज बरेचदा चुकलेले आहेत.

त्या वहीत एकाच संख्येचं प्रकरण होतं. एक हा अंक ओळीनं अकरा वेळा लिहिला की ती तयार होते: अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. आम्ही तिला नुसतं ‘अकरा एक’ म्हणायचो. दोन एकांची अकरा ही मूळ संख्या, तिला कशानंही भाग जात नाही. तीन एक फुटतात: तीन गुणिले सदतीस. चार एक फुटतात. पाच एक म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. असं करत दहा एकांपर्यंत सगळ्या संख्या फुटतात. अकरा एक मात्र फुटत नाही, असं खानझोडे सरांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी मला आणि मोहरीलबाईंना दीड वर्ष राबवून सिद्ध केलं होतं.

पद्धत त्यांचीच होती आणि ती चोख होती, हे मला आजही मान्य करावं लागतं. अकरा एक जर फुटणारच असतील, तर त्यांचा एक मूळ भाजक एक लाख पाच हजार चारशे नऊच्या आत सापडला पाहिजे, आणि त्याला बावीसनं भागल्यावर बाकी एक उरली पाहिजे. म्हणून तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट अशा बावीस-बावीसच्या अंतरानं संख्या एकाखाली एक लिहून काढल्या. एका फुलस्केपवर चाळीस ओळी, असे एकशेवीस कागद. मग त्यांतल्या ज्या संख्या स्वतःच फुटतात त्यांच्यावर रेघ मारायची. एका फेरीत तीनच्या पटीतल्या, एका फेरीत पाचच्या, मग सातच्या, असं पुढं. फेऱ्या आम्हा तिघांत वाटलेल्या होत्या. सरांची पेन्सिल लाल, बाईंची निळी, माझी जांभळी. रेघ न लागलेल्या हजारेक संख्या बाईंनी या पक्क्या वहीत उतरवल्या, आणि मग त्या प्रत्येकीनं अकरा एकांना भागायचं. तो भागाकार सर एकदा आणि बाई एकदा, वेगवेगळा करायचे. बाकी जुळली की वहीत लिहायची. एकदाही शून्य आली नव्हती.

सगळे गेल्यावर मी पानांचे आकडे तपासू लागलो. पानांचे आकडे सगळे होते. मी वही मिटायला हवी होती. पण आकडे समोर असले की मी ते वाचतो. दुसरं कुणी वर्तमानपत्र वाचावं तसं. एका पानावर मधेच मला २१६७१ दिसली. पुढे भागाकार ५१२७१७, बाकी २१००४, दोघांच्या सह्या.

मला एक जुनी सवय होती. पाच-सहा आकडी संख्या दिसली की शेवटच्या तीन आकड्यांतून पुढचे आकडे वजा करून पाहायचे. उत्तराला सात, अकरा किंवा तेरानं भाग गेला, तर मूळ संख्येलाही जातो. सहाशे एकाहत्तर वजा एकवीस, साडेसहाशे. साडेसहाशे म्हणजे तेरा पन्नास.

म्हणजे २१६७१ ला तेरानं भाग जात होता. ती या वहीत यायलाच नको होती. तेराच्या फेरीत तिच्यावर रेघ बसायला हवी होती.

एखादी फुटणारी संख्या वहीत चुकून राहिली तर बिघडत नाही. एक भागाकार फुकट जातो इतकंच. पण तिची रेघ गेली कुठं? रेघ जर शेजारच्या ओळीवर बसली असेल, तर कदाचित एक चांगली संख्या वहीत आलीच नव्हती. मी मागची-पुढची ओळ पाहिली. बावीस मिळवले तर २१६९३, तिला तीननं भाग जातो, ती गळणारच. बावीस वजा केले तर २१६४९. ती वहीत नव्हती. दीडशेपर्यंतच्या एकेका मूळ संख्येनं मी तिला भागून पाहिलं. कशानंच भाग गेला नाही.

मग मी अकरा एकांना २१६४९ नं भागायला घेतलं. शेवटी एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीसमधून तेवढेच वजा करायचे राहिले. बाकी शून्य. वर उत्तर होतं ५१३२३९.

मी तो भागाकार आणखी दोनदा केला. मला माझ्या गणितावर कधीच भरवसा नव्हता.

कच्चे कागद कपाटात होते. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला असायची. मी गठ्ठा सोडला आणि पंचविसावा कागद काढला. २१६७१ च्या समासात, तेरा-तेरा ओळी मोजताना दिलेला एक ठिपका होता, बरोबर जागेवर. रेघ मात्र एक ओळ वर सरकलेली, पट्टी निसटली असावी, २१६४९ वर. ठिपका जांभळा होता. रेघ जांभळी होती. तेराची फेरी माझी होती.

मी कागदाची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, गठ्ठा पुन्हा बांधला आणि किल्ली खिळ्याला लावली. हे मी विचार करून केलं का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी मी खानझोडे सरांच्या घरी गेलो. ते ओसरीवर खाट टाकून बसले होते. बसा म्हणाले नाहीत.

“काय आहे?”

“सर, अकरा एकांना भाग जातो.”

“कुणी सांगितलं?”

“मी करून पाहिला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं.”

“वडनेरे, पानांचे आकडे तपासायला सांगितले होते ना मी तुम्हाला?”

“हो सर.”

“सुटलेत कुठं?”

“नाही सर.”

“मग इथं काय करून राहिले?”

मी तिथंच उभा राहिलो. शेवटी त्यांनी आतून मुलाची पाटी मागवली आणि भागाकार मांडला. त्यांचा हात फार भराभर चालायचा. शेवटच्या वजाबाकीला तो थांबला. त्यांनी पाटी पुसली आणि पहिल्यापासून पुन्हा भागाकार केला. मग पुन्हा पुसून त्यांनी उलटा गुणाकार केला, आणि पाटीच्या तळाशी ओळीनं अकरा एक उभे राहिले. ही फोड जगाला शंभर वर्षांपासून ठाऊक होती, हे मला फार पुढं एका ग्रंथालयात कळलं. त्या सकाळी त्या ओसरीवर ती आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

“खूश असाल,” ते पाटीकडे पाहत म्हणाले.

“नाही सर.”

“खोटं बोलू नका. कधी कळलं?”

“काल दुपारी.”

“रात्री झोप लागली?”

“नाही,” मी म्हणालो. लागली होती.

“मी बोर्डाला कळवलं. बुधवारच्या सभेच्या पत्रिका छापल्या. गावातल्या दीडशे माणसांना आमंत्रणं गेली.” त्यांनी पाटी खाटेवर उपडी ठेवली. “पक्की यादी बाईंची. कच्चा कागद पाहिला तुम्ही?”

मी त्यांना खरं सांगायलाच घरून निघालो होतो. निदान वाटेत माझी तशी समजूत होती. वाक्यसुद्धा जुळवलं होतं: सर, रेघ माझी आहे.

“नाही सर,” मी म्हणालो.

“बरं. जा तुम्ही.” मी पायऱ्या उतरल्यावर ते मागून म्हणाले, “तुमच्यासारख्या माणसाच्या हातून हे व्हावं!” त्यांना माझा शोध अभिप्रेत होता.

सोमवारी मधल्या सुटीत त्यांनी सगळ्या शिक्षकांना थांबवून घेतलं. शिक्षकखोलीतल्या फळ्यावर त्यांनी स्वतः गुणाकार लिहून ठेवला होता.

“प्रोफेसरांना तार केली, येऊ नका म्हणून,” ते म्हणाले. “वडनेऱ्यांनी हे शोधलं. त्यांचं अभिनंदन करा.” कुणी केलं नाही. “मोहरीलबाई, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास तुमच्या यादीत का नाही?”

बाई उठून फळ्यापाशी गेल्या. त्यांनी गुणाकार एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. त्या पस्तिशीच्या होत्या. गणित घेऊन बी. ए. झालेली आमच्या तालुक्यातली ती एकटीच बाई. नववीचं बीजगणित मिळवायला त्यांना संस्थेशी सहा वर्षं झगडावं लागलं होतं, हे मी ऐकून होतो.

“रेघ असलेली संख्या मी उतरवत नाही,” त्या म्हणाल्या. “कच्च्या कागदावर तिच्यावर रेघ असणार.”

“असणार की आहे?”

“कागद बघू या.”

“बघू या ना. आणा.”

त्यांनी कपाट उघडलं. गठ्ठा सोडून त्या एकेक कागद बाजूला ठेवू लागल्या. तेवीस. चोवीस. सव्वीस. त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग सगळे एकशेवीस, म्हणजे एकशे एकोणीस कागद त्यांनी एकेक करून टेबलावर उलटले. शिक्षक घड्याळाकडे पाहत उभे होते.

“पंचविसावा नाही,” त्या म्हणाल्या.

“वा! नेमका तोच.”

“सर, माझी चूक एवढीच की एकवीस हजार सहाशे एकाहत्तर उतरवताना तिला तेरानं भाग जातो हे मी पाहिलं नाही. ती माझी चूक. पण कागद मी हरवलेला नाही.”

“मग खाल्ला कुणी?”

“किल्ली खिळ्याला असते. खिळा सगळ्यांचा आहे.”

“म्हणजे आता चोर शोधायचा आम्ही!”

“शोधा. आणि सर, तो भागाकार तुम्हीही केला आहे. शेजारी तुमची सही आहे. तुम्हाला तरी कुठं दिसला तेरा?”

हे वाक्य बाईंनी गिळलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं. मला तेव्हा तसं वाटलं, आणि त्यांचा रागही आला. जणू त्यांनीच मला अडचणीत आणलं होतं.

इंगोले सरांना असा ताण सोसत नसे. “बाई,” ते म्हणाले, “शिवणाच्या पेटीत पाहा बरं तो कागद. बायांचं सारं तिथंच सापडते.”

दोघेतिघे हसले. खानझोडे सर हसले नाहीत.

“इंगोले बरोबर बोलले,” ते म्हणाले. “उद्यापासून मोहरीलबाई मुलींचं शिवण घेतील. सरळ रेघेवर टाके घालायचे, चूक झाली तर उसवायचे, कुणाला त्रास नाही. नववीचं बीजगणित वडनेरे घेतील.”

“सर,” बाई म्हणाल्या, “मला शिवण येत नाही.”

“शिका. आम्हीही दीड वर्ष शिकलो तुमच्याकडून.”

घंटा झाली. तासाला जायची घाई सगळ्यांना एकदमच झाली.

शाळा सुटल्यावर मी नववीच्या वर्गाकडे गेलो. बाई टेबलाच्या खणातून आपल्या वस्तू पिशवीत भरत होत्या: लाकडी कंपास, दोन डस्टर, मुलांच्या चाचणीचे पेपर. समोर व्हरांड्यापलीकडे हेडमास्तरांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि टेबलाशी बसलेल्या सरांची पाठ दिसत होती.

मी खिशातला कागद काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तेराची फेरी तुमची. फेऱ्या वाटल्या तेव्हा मी तिथंच होते वडनेरे, विसरले नाही. सरांच्या लक्षात नाही, कारण तुम्हाला काय काम दिलं हे लक्षात ठेवायची त्यांना गरज वाटत नाही.”

“मग तुम्ही सुटीत बोलला का नाहीत?”

“काय बोलू? कागदाशिवाय? यादी माझी, कपाट माझं, आणि चूक म्हणे त्या गरीब वडनेऱ्यांची, ज्यांनी चूक शोधून काढली. कोण ऐकेल?” त्यांनी खण बंद केला. “आणि खरं सांगू? मी वाट पाहत होते. तुम्ही दाराशी उभे होतात. सर म्हणाले, खाल्ला कुणी, तेव्हा तुमचा हात खिशात गेला. मला वाटलं, आता हा माणूस कागद काढतो. तुम्ही रुमाल काढलात.”

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“बाई, मी सरांना सांगतो.”

“सांगा.”

“खरंच सांगतो.”

“सांगा ना. ते काय समोर बसले आहेत. दार उघडं आहे. दहा पावलं असतील.”

मी व्हरांड्याकडे पाहिलं. सरांनी खुर्ची मागं सारली, काहीतरी शोधलं, पुन्हा लिहू लागले.

“आत्ता ते रागात आहेत,” मी म्हणालो. “मला जूनमध्ये कायम... म्हणजे, चार दिवसांनी जरा शांत झाले की...”

“हं.”

“मी तुमच्यासाठीच म्हणतो आहे. आत्ता सांगितलं तर ते दोघांवरही...”

“माझ्यासाठी काही म्हणू नका.” त्यांनी आवाज चढवला नाही. “तुमची पट्टी निसटली. निसटते. माझीही निसटली असती. त्या रेघेबद्दल मला तुमचा राग नाही. हा कागद घेऊन तुम्ही इथं मला दाखवायला आलात ना, त्याचा आहे. तुम्हाला मन हलकं करायचं आहे. ते मी करून देणार नाही. ठेवा तो खिशात.”

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दाराशी थांबल्या आणि अगदी शिक्षकानं शिक्षकाला सांगावं तशा म्हणाल्या, “ही मुलं कंस सोडवताना घाई करतात. कंसाबाहेर वजा असेल तर आतल्या पहिल्याच पदाला लावतात, दुसऱ्याला विसरतात. तेवढं रोज पाहा.”

हेडमास्तरांच्या दारासमोरून त्या गेल्या. सर लिहीतच होते. मी दहा पावलं मोजली नाहीत. मागच्या फाटकानं घरी गेलो आणि खोलीवर स्टोव्ह पेटवून कागद त्यावर धरला.

जूनमध्ये मी कायम झालो. शेऱ्यात सरांनी ‘चिकित्सक’ असा शब्द लिहिला होता. बाईंनी सव्वा वर्ष शिवण शिकवलं आणि मग त्या राजीनामा देऊन भावाकडे कुठं मध्य प्रदेशात गेल्या. बीजगणित त्यांना पुन्हा मिळालं की नाही, मला माहीत नाही. मी पत्ता मिळवू शकलो असतो.

पण मला जे सांगायचं होतं ते मंगळवारचं आहे, दुसऱ्या दिवशीचं. नववीच्या वर्गात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलं उभी राहिली, बसली, आणि कुणीच वही उघडली नाही. चाळीस मुलं, बाकांवर हात ठेवून, माझ्याकडे पाहत. मी फळ्यावर तारीख लिहिली, मग विषय लिहिला, मग लिहायला काही उरलं नाही म्हणून वळलो.

पहिल्या बाकावर मैना डहाके नावाची मुलगी बसायची. बाईंची लाडकी होती असं म्हणत. ती उठली.

“सर, मोहरीलबाई काहून नाही आल्या?”

“त्या आता शिवण घेतात.”

“त्या तं म्हणत, शिवण मले येत नाही.”

मागून कुणीतरी खिदळलं आणि लगेच गप्प झालं.

“खाली बस,” मी म्हणालो.

ती बसली नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. “सर, लोकं म्हणतात बाईनं गणितात चूक केली. मोठी चूक केली, म्हणून त्यायले काढलं. खरं आहे का हे?”

चाळीस मुलं वाट पाहत होती. वर्गाचं दार बंद होतं. सर तिथं नव्हते, इंगोले नव्हते, ऐकणारं मोठं माणूस कुणीच नव्हतं.

“हो,” मी म्हणालो.

मैना खाली बसली. मग तिनं दप्तरातून वही काढून उघडली, आणि तिच्या मागोमाग एकेक करून सगळ्यांनी उघडली.